पत्र्याचे दोन डबे

एमजीबी नव्याने घेणारा माणूस पहिल्या काही महिन्यांत बॉनेटखाली जे काही बदलतो, त्यात एअर फिल्टरचा नंबर बहुधा वरचा असतो. कारण उघड आहे. दोन एसयू कार्बोरेटरच्या चकचकीत घुमटांशेजारी पत्र्याचे ते दोन गोल काळे डबे अगदीच गबाळे दिसतात. त्यांच्या जागी बसणारे, क्रोमचं झाकण आणि भोवती जाळी असलेले चपटे फिल्टर बाजारात सहज मिळतात. पाना हाती घेतला की थोड्या वेळात बसतात आणि बसल्या क्षणापासून इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला म्हणजे गाडीत जोर आला, असं मन स्वतःला समजावतं. जुने डबे माळ्यावर जातात आणि गाडी पुढच्या मालकाकडे जाते तेव्हा ते कुठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

ही पुस्तिका त्या डब्यांची बाजू घेऊन लिहिलेली आहे. ते काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. काढण्याआधी ते तिथे काय काय करत होते हे ठाऊक असावं, आणि त्यांच्या जागी जे येईल त्याने ती सगळी कामं केली पाहिजेत, एवढाच आग्रह आहे.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. एमजीबी १९६२ साली आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात तयार होत राहिली. सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिकेला गेला. भारतात त्या तुरळक. तरीही तिच्या इंजिनाचं घराणं मराठी मेकॅनिकला परकं नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसी कंपनीच्या याच ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. दोन्हींचा स्ट्रोक एकच, ८८.९ मिलिमीटर. ॲम्बेसेडरचा बोअर ७३ मिलिमीटरचा, एमजीबीचा ८०.२६, म्हणून ती १७९८ सीसीची. ज्याने आयुष्यभर ॲम्बेसेडरचे टॅपेट सेट केले, त्याला एमजीबीसमोर उभं केलं तर बावरण्याचं कारण नाही. फरक आहे तो मुख्यतः कार्बोरेटरच्या बाजूला, आणि आपला विषयही तिथेच आहे.

आधी हवेचा हिशेब करू. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. गाडी १०० किलोमीटरला दहा लिटर पेट्रोल पिते असं धरलं, तर तेवढ्या प्रवासात ९० हजार लिटर हवा त्या दोन डब्यांतून आत गेलेली असते. पेट्रोलचा भाव आपण पैशापैशाने मोजतो. हवा फुकट असते, म्हणून तिच्याबरोबर काय आत जातं याकडे लक्ष जात नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. तो बोअरच्या भिंतीवरच्या तेलात मिसळला की तेलाची घासपेस्ट होते. रिंगा झिजतात, बोअर झिजतो, कॉम्प्रेशन उतरतं, इंजिन ऑइल खाऊ लागतं. हे एका दिवसात होत नाही, म्हणून त्याचा दोष फिल्टरला कोणी देत नाही. इंजिन उतरवून बोअर करायची वेळ येते तेव्हा ‘वय झालं’ असं म्हणून विषय मिटतो.

धुळीचं हे दुखणं मोटारीआधी ट्रॅक्टरवाल्यांनी ओळखलं. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन याने १९१५ मध्ये ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवायला सुरुवात केली, आणि त्याच्या नावाची कंपनी आजही फिल्टरच बनवते. शेतात नांगर ओढणाऱ्या यंत्राला धुळीच्या लोटातच दिवस काढायचा असतो, तेव्हा गरज तिथे आधी भासणं साहजिक होतं. पुढे तेलाच्या वाटीवर हवा आपटवून धूळ खाली बसवणारा ऑइल बाथ फिल्टर आला. महाराष्ट्रात जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप असलेल्या घरात तो अजूनही सगळ्यांना माहीत असतो: वाटी सोडवायची, काळा चिखल ओतून टाकायचा, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं. काम चोख, पण वजनदार, आणि वाटी आडवी झाली की पंचाईत. साठच्या दशकातल्या बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये, तेही दोन कार्बोरेटरच्या तोंडाशी, त्याला जागा नव्हती. तोवर राळेत भिजवलेला घड्यांचा कागद स्वस्त झाला होता. ॲबिंग्डनने तोच घेतला, दोन डब्यांत दोन.

या कागदाबद्दल एक समज आधी दूर करायला हवा. फिल्टर म्हणजे चाळणी, हे अर्धंच खरं आहे. मोठे कण भोकात मावत नाहीत म्हणून अडतात, हे बरोबर. पण बारीक कण भोकापेक्षा लहान असूनही अडकतात. हवा तंतूंना वळसा घालते, त्या कणांना वजनामुळे तसं वळता येत नाही आणि ते तंतूवर आदळून चिकटतात. अगदी सूक्ष्म कण हवेत सैरावैरा भरकटतात आणि भरकटताना कुठेतरी तंतूला लागतात. अडकलेले कण मग स्वतःच पुढच्या कणांना अडवायला लागतात. म्हणजे थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो. आपल्या गॅरेजांत ‘फिल्टरला हवा मारून द्या’ असं गिऱ्हाईक सहज सांगतं आणि पोऱ्या कॉम्प्रेसरची नळी थेट घड्यांवर धरतो. त्या झोताने तंतू सुटतात, कधी घडी चिरते, आणि चीर डोळ्यांना दिसतही नाही. कागद मळला तर बदलायचा. कारखान्याने १२ हजार मैलांची, म्हणजे सुमारे १९ हजार किलोमीटरची मुदत सांगितली होती आणि धुळीच्या मुलखात ती कमी करायला सांगितली होती. वर्षातून चार रविवार बाहेर निघणाऱ्या गाडीचे मैल भरतच नाहीत. तिथे कॅलेंडर बघावं, कारण ओल आणि उंदीर यांना मैलांशी देणंघेणं नसतं.

आता निवडीकडे. आज एमजीबीसाठी तीन प्रकारचं गाळण मिळतं. पहिला कागद. दुसरा तेल लावलेला फोम. इंग्लंडमधल्या रेसिंगवाल्यांत तो विशेष चालतो. तिसरा तेल लावलेल्या सुती कापडाच्या थरांचा. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड या दोन कॅलिफोर्नियन माणसांच्या आडनावांची आद्याक्षरं घेतलेल्या के अँड एन कंपनीने तो जगभर नेला. कापडाचा आणि फोमचा गुण असा की ते धुऊन पुन्हा वापरता येतात आणि त्यांतून हवा मोकळी जाते. अवगुण असा की त्यांचं गाळणं तेलावर अवलंबून असतं आणि तेल लावणं हाताच्या सवयीवर. कमी लावलं तर धूळ आत जाते. जास्त लावलं तर तेल कार्बोरेटरच्या तोंडाशी ओघळतं. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू न देता घाईने बसवलेला फिल्टर तर दोन्हीकडून वाईट. ज्यांना ही उस्तवार आवडते त्यांनी खुशाल कापड घ्यावं. ज्यांना गाडी चालवायला आवडते आणि धुणी नकोत, त्यांना कागद बरा.

पण माझ्या मते लोक भलत्याच ठिकाणी वाद घालतात. कागद की कापड, यापेक्षा डबा की उघडा, हा प्रश्न मोठा आहे.

एमजीबीच्या इंजिनाचं हेड पाहा. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी, दोन्ही तोंडं एकाच बाजूला, डाव्या अंगाला. आत जाणारी दोन, बाहेर येणारी तीन. म्हणजे एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या पोटाखालीच. मध्ये पत्र्याची एक आडोसापट्टी आहे, ती थेट झळ अडवते, पण तिथली हवा तापायची ती तापतेच. चपटा उघडा फिल्टर चहूबाजूंनी हीच हवा ओढतो. डब्याला एक ठरावीक तोंड असतं, म्हणून हवा कुठून घ्यायची हे निदान ठरवता येतं. २५ अंशांची हवा आणि ५५ अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. ताकद नेमकी तेवढीच घटते असं नाही, पण मोकळ्या फिल्टरने जे मिळेल म्हणून पैसे मोजले ते गरम हवेत वजा होतं, कधी जास्तच. रात्री थंड हवेत, मोकळ्या रस्त्यावर उघड्या फिल्टरची गाडी छान ओढते आणि दुपारच्या गर्दीत तीच मलूल होते. त्याचं कोडं इथे सुटतं.

शिवाय मोकळेपणाचा फायदा मिळतो कधी? पाय पूर्ण दाबलेला असतो आणि इंजिन चढ्या फेऱ्यांवर असतं तेव्हाच. एमजीबीची ९५ अश्वशक्ती ५४०० फेऱ्यांवर मिळते. रोजच्या चालवण्यात पाय पाव किंवा अर्धा दाबलेला असतो. त्या वेळी हवेच्या वाटेतली खरी अडचण थ्रॉटलची बटरफ्लाय पाती असते. तिच्यापुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ. मग गाडी पळाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. डबा हवेचा सायलेन्सरही असतो. तो काढला की कार्बोरेटरची सूं-सूं थेट कानावर येते. तो आवाज गोड असतो, हे मी नाकारत नाही. आवाजासाठी फिल्टर बदलायचा असेल तर तसं मोकळेपणाने म्हणावं.

इथे शर्यतीचा दाखला हमखास दिला जातो. रेसच्या गाड्यांना फिल्टर कुठे असतो, नुसते भोंगे असतात ना? असतात. पण तिथे इंजिन शर्यतीसाठी बांधतात आणि नंतर पुन्हा उघडतात. १९६३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एमजीबीने भाग घेतला होता. ॲलन हचिसन आणि पॅडी हॉपकर्क ही जोडी होती. सुरुवातीलाच हचिसन म्युल्सानच्या वळणावर वाळूत रुतला आणि गाडी उकरून काढायला त्याला एक तासाहून जास्त वेळ लागला. तरीही ती बारावी आली. कारखान्याच्या अशा गाडीच्या इंजिनाची झीज सोसणारं खातं वेगळं असतं. आपल्याला तेच इंजिन पुढची वीस वर्षं वापरायचं असतं. भोंग्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: त्याचा गोलसर कडेचा आकार. कार्बोरेटरच्या सपाट तोंडाच्या धारदार कडेवरून आत शिरताना हवा उसळते. त्या तोंडाशी फिल्टरच्या आतच बसणारी आखूड, गोल ओठांची कडी मिळते. तिने हवा सरळ आत जाते आणि फिल्टरही जागेवर राहतो. मात्र फिल्टरमध्ये तेवढी खोली हवी. झाकण तोंडाच्या अगदी जवळ आलं तर कडी बसवून उलट गळा आवळला जातो.

आता एसयू कार्बोरेटरबद्दल, कारण बसवताना होणारा सगळ्यात महागडा घोटाळा त्याच्या रचनेतून येतो. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर भावांचं घर बुटांच्या धंद्यातलं होतं आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली, तत्त्व तेच राहिलं. इंजिन हवा ओढू लागलं की पिस्टनच्या वरच्या घुमटात निर्वात तयार होतो, खालच्या बाजूला बाहेरचा दाब असतो, आणि या फरकाने पिस्टन उचलला जातो. त्याला टांगलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि जेवढी हवा, तेवढं पेट्रोल सुटतं. साधं आणि सुंदर काम आहे. पण पिस्टनच्या खाली बाहेरचा दाब पोचतो कुठून? कार्बोरेटरच्या तोंडाशी, जिथे फिल्टरची पाठपट्टी बसते त्याच सपाट भागात, बारीक भोकं आहेत. तिथून.

ही भोकं बुजली तर पिस्टन मनासारखा उचलत नाही. आणि ती बुजवणं फार सोपं आहे. पॅकिंग उलटं बसवलं की पुरतं. ते दिसायला दोन्हीकडून सारखं वाटतं, पण त्यातली भोकं एकाच बाजूने जुळतात. पाच-सहा प्रकारच्या कार्बोरेटरना चालेल अशी म्हणून विकलेली पाठपट्टी असेल तर त्यात योग्य जागी भोक असेलच असं नाही. गाडी स्लोला ठीक चालते, आवाजही बरा येतो, पण पाय दाबला की ओढत नाही. मग प्लग बदलतात, पॉइंट घासतात, डिस्ट्रिब्युटरवर संशय घेतात, पेट्रोल पंप उघडतात. म्हणून या पुस्तिकेत त्या भोकांसाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे आणि ते वाचल्याशिवाय पाना उचलू नये असं माझं सांगणं आहे. पाठपट्टी आणि पॅकिंग आधी हाताने तोंडावर धरा आणि टॉर्च लावून बघा, भोकं आरपार दिसली पाहिजेत. पॅकिंगला सिलिकॉन फासायची आपल्याकडे फार हौस. इथे ती आवरा, कारण दाबल्यावर बाहेर आलेला लगदा त्याच भोकांत शिरतो.

फिल्टर बदलला की मिश्रण बदलतं, हेही याच रचनेतून येतं. एमजीबीवरच्या एचएस-४ कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो आणि जेटपाशी फिल्टरमधून आलेल्या हवेचा. फिल्टर तुंबला की जेटपाशी दाब घटतो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. म्हणजे तुंबलेल्या फिल्टरने मिश्रण घट्ट होतं आणि मोकळ्या फिल्टरने पातळ. मोकळा फिल्टर लावून जुन्याच सेटिंगवर गाडी हाणली तर पूर्ण वेगात इंजिन पातळ मिश्रणावर तापतं. जेटखालचा नट फिरवून थोडं जुळवता येतं. पिस्टन पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलून बघायचा. फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर मिश्रण घट्ट, इंजिन बसायला लागलं तर पातळ, क्षणभर किंचित वाढून स्थिरावल्या तर बरोबर. पण नट फिरवल्याने सगळीच पातळी एकदम वरखाली होते. फक्त चढ्या फेऱ्यांवर कमतरता असेल तर सुई बदलावी लागते, आणि तो फिल्टरच्या किमतीत न धरलेला खर्च आहे. एसयूचे सुटे भाग आजही इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीत नव्याने बनतात, तेव्हा सुई मिळणं अवघड नाही. कोणती हवी, हे ठरवणं अवघड आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत आणखी एक नळी असते, टॅपेट कव्हरमधून निघून एका डब्याला जोडलेली. इंजिनाच्या पोटातला धूर ती पुन्हा जाळायला पाठवते. नव्या फिल्टरला ती जोडायला जागा नसली तर काही लोक तिचं टोक तसंच लोंबतं सोडतात. मग त्याच वाटेने धूळ न गाळता थेट ऑइलमध्ये जाते, आणि आपण इकडे कापडाचे थर मोजत बसतो. १९६४ पासूनच्या इंजिनांत ही व्यवस्था बदलली. व्हॉल्व्ह आला, आणि पोटात जाणारी हवा ऑइल भरायच्या झाकणातून घेतली जाऊ लागली. त्या झाकणात एक छोटा फिल्टर असतो आणि तो धुता येत नाही, झाकणच बदलावं लागतं. एमजीबीला दोन नव्हे, तीन एअर फिल्टर आहेत असं म्हटलं तरी चालेल. तिसऱ्याचं नाव बहुतेक मालकांनी ऐकलेलं नसतं.

खरेदीबद्दल थोडं. खोक्यावर गाडीचं नाव छापलेलं आहे म्हणून आतला कागद बरोबर मापाचा असतोच असं नाही. दोन-तीन मिलिमीटर बुटका फिल्टर डब्यात बसतो, झाकणही लागतं, पण रबरी कडा झाकणाला टेकत नाही आणि हवा फिल्टरला बाजूला सारून जाते. ते शोधायची सोपी रीत आहे. रबराच्या दोन्ही कडांना ग्रीसचं बोट फिरवा, डबा बंद करून आवळा, पुन्हा उघडा. झाकणावर आणि पाठपट्टीवर ग्रीसचा अखंड गोल उमटला पाहिजे. कुठे तुटला असेल तर तिथून धूळ जाणार. तो फिल्टर दुकानदाराला परत करावा. दुसरं, या गाडीचे आटे इंची आहेत. हाताशी असलेला मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडतो, आणि कार्बोरेटरचा मऊ धातू पोलादापुढे हार मानतो. हाताने सरळ न जाणारा बोल्ट पान्याने घुसवू नये. डबे उतरवल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवावं. आत पडलेला एक वायसर काढायला अख्खा मॅनिफोल्ड उतरवावा लागू शकतो.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला मूळ डबे, आत चांगल्या कंपनीचा कागद. ज्यांना कापडच हवं त्यांच्यासाठी मूळ डब्यात बसणारे कापडी फिल्टरही मिळतात. त्यांत आवाजाची मजा नाही, पण बाकी सगळं जागच्या जागी राहतं. डबे गंजले असतील तर आतून ब्रश मारून, रंग लावून वापरता येतात. रंगाचे पोपडे मात्र आत राहू देऊ नयेत, कारण ते फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडले तर त्यांना अडवणारं पुढे काहीच नसतं.

पुढची प्रकरणं दोन एसयू कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर होता. त्याची मांडणी वेगळी असल्याने ती इथे घेतलेली नाही. दोन एसयूंतही जात तपासून घ्या. फ्लोट चेंबर कार्बोरेटरच्या कडेला वेगळा लटकत असेल तर तो एचएस-४, पोटाखालीच सामावलेला असेल तर नंतरचा एचआयएफ-४. दोघांची पॅकिंग आणि भोकांच्या जागा वेगळ्या आहेत. घुमटाच्या एखाद्या स्क्रूखाली ‘एयूडी’ अक्षरांनी सुरू होणारा नंबर कोरलेली छोटी पट्टी शिल्लक असेल, तर काहीही मागवण्याआधी दोन्ही कार्बोरेटरवरचे नंबर उतरवून घ्या. पट्टी नसेल तर पहिल्या प्रकरणातल्या मापांवरून सुरुवात करा.